मांसोत्पादक शेळ्यांच्या कळपासाठी पैदास-उद्दिष्टांची निश्चिती : फुलपाडा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

शेळीपालनाच्या चर्चेत ‘कोणती जात पाळावी?’ हा प्रश्न अग्रक्रमाने विचारला जातो. पैदास कशासाठी करावयाची, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. प्रस्तुत लेखात पैदास-उद्दिष्ट या संकल्पनेचे स्वरूप स्पष्ट केले असून, वसई-विरार परिसरातील फुलपाडा येथील भौगोलिक व बाजारविषयक परिस्थितीच्या आधारे मांसोत्पादक कळपाचे उद्दिष्ट कसे ठरवावे, याचे विवेचन केले आहे. उत्तम बोकड प्रथम विकला जाणे हा ग्रामीण पैदाशीतील मूलभूत दोष आहे. त्याचे कारण पशुपालकाचे अज्ञान नसून त्याच्या कळपाचे लहान आकारमान हे आहे, असा लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

सूचक शब्द : पैदास-उद्दिष्ट, अनुवंशक्षमता, निवड, सगोत्र पैदास, उस्मानाबादी, कोकण कन्याळ.

प्रस्तावना

भारतीय कृषिव्यवस्थेत शेळीला ‘गरिबाची गाय’ असे संबोधले जाते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८९ लक्ष शेळ्या होत्या. महाराष्ट्रातील शेळ्यांची संख्या सुमारे १ कोटी ६ लक्ष होती. यांपैकी बहुसंख्य शेळ्या दोन-चार, फार तर दहा-पंधरा जनावरांच्या लहान कळपांत असतात. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबाच्या दृष्टीने शेळी हे केवळ उत्पादनाचे साधन नाही. आजारपण, शाळेची फी, लग्नकार्य अशा प्रसंगी तात्काळ रोख रक्कम मिळवून देणारी ती एक प्रकारची बचत आहे. म्हणूनच पैदाशीतील चूक अशा कुटुंबाला महागात पडते. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. चुकीच्या बोकडाची करडे जन्मास येऊन, त्यातील पाठी वयात येऊन विईपर्यंत दोन ते अडीच वर्षे निघून जातात, आणि तेव्हा कोठे निर्णय चुकल्याचे ध्यानात येते.

फुलपाडा ही विरार पूर्वेकडील वस्ती होय. जीवदानीच्या डोंगराचे सान्निध्य, पापडखिंड धरण आणि त्याच्या आसपास वेगाने वाढलेल्या चाळी व इमारती असे या भागाचे आजचे स्वरूप आहे. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. पूर्वेकडे तुंगारेश्वर अभयारण्य आहे. एका बाजूस शहर आणि दुसऱ्या बाजूस संरक्षित वन अशा या पट्ट्यात चराईचे क्षेत्र आक्रसत जाते; मात्र मुंबईसारखी मोठी मटणाची बाजारपेठ हाताशी असते. पैदास-उद्दिष्टाचा विचार करण्यास ही परिस्थिती अत्यंत उद्बोधक आहे. येथे जनावराची खरी कसोटी चारा व पाऊस घेतात, आणि त्याची किंमत बाजार ठरवितो.

पैदास-उद्दिष्ट : संकल्पना

पैदास-उद्दिष्ट म्हणजे पुढील पिढी कोणत्या गुणांत आणि कोणत्या दिशेने बदलावी, याविषयी पशुपालकाने जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय. ‘चांगली शेळी हवी’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण त्याचे मोजमाप करता येत नाही. ‘कळपातील प्रत्येक शेळीमागे दरवर्षी विक्रीयोग्य करडांचे वजन वाढावे’ हे उद्दिष्ट होय, कारण ते मोजता येते आणि त्याचा उत्पन्नाशी थेट संबंध असतो.

आधुनिक पशुपैदासशास्त्राची पायाभरणी करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ जे. एल. लश यांनी १९३७ मध्ये पैदासविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे विद्यार्थी एल. एन. हेझल यांनी १९४३ मध्ये निवड-निर्देशांकाची मांडणी केली. अनेक गुणांना त्यांच्या आर्थिक महत्त्वानुसार भार देऊन जनावराचे एकच मूल्य काढावे, हे त्या मांडणीचे सार आहे. लहान पशुपालकाने निर्देशांकाचे गणित करावे अशी अपेक्षा नाही. तथापि त्यामागील तत्त्व त्यालाही लागू पडते : एकाच वेळी अनेक गुणांच्या मागे लागल्यास प्रत्येक गुणातील प्रगती मंदावते, म्हणून मोजके गुण निवडावेत आणि ते पैशाशी जोडलेले असावेत.

कोणत्याही गुणातील सुधारणा तीन बाबींवर अवलंबून असते. पहिली बाब म्हणजे अनुवंशक्षमता, अर्थात जनावरांमधील दृश्य फरकांपैकी पुढील पिढीत उतरणारा अंश. दुसरी बाब म्हणजे निवडलेली जनावरे सरासरीपेक्षा किती सरस आहेत, हे. तिसरी बाब म्हणजे दोन पिढ्यांमधील अंतर. शरीराच्या वाढीची अनुवंशक्षमता सामान्यतः मध्यम, तर एका वेतात होणाऱ्या करडांच्या संख्येची अनुवंशक्षमता कमी असते. करडांचे जगणे मुख्यतः व्यवस्थापनावर अवलंबून असते. त्यामुळे जी समस्या लसीकरणाने वा कोरड्या गोठ्याने सुटू शकते, ती पैदाशीने सोडविण्याचा प्रयत्न करणे म्हणजे कालापव्यय होय.

आकारमान की उत्पादकता?

मोठ्या आकारमानाचे आकर्षण सार्वत्रिक आहे. उंच, लांब कानांचा, भारदस्त बोकड पाहिला की तो पैदाशीस उत्तम, असे गृहीत धरले जाते. परंतु कळपाचे उत्पन्न बोकडाच्या उंचीवरून ठरत नाही. वर्षाकाठी शेळीची वेते, प्रत्येक वेतातील करडे, त्यांपैकी जगणाऱ्यांचे प्रमाण आणि विक्रीच्या वेळचे वजन या चार घटकांच्या गुणाकारातून ते निश्चित होते.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन काल्पनिक शेळ्या घेऊ. पहिली ५० किलो वजनाची असून वर्षाला सरासरी १.२ वेळा विते, प्रत्येक वेतात १.१ करडे देते, त्यांपैकी ७५ टक्के जगतात आणि सहा महिन्यांचे करडू २० किलोचे भरते. तिचे वार्षिक उत्पादन १९.८ किलो येते. दुसरी ३२ किलोची आहे. ती दोन वर्षांत तीन वेळा, म्हणजे वर्षाला १.५ वेळा विते. प्रत्येक वेतात १.६ करडे देते, ८५ टक्के जगतात आणि सहा महिन्यांचे करडू १४ किलोचे भरते. तिचे वार्षिक उत्पादन सुमारे २८.६ किलो येते. करडू लहान असूनही लहान शेळीचे उत्पादन अधिक आहे, आणि तिला पोसण्यास लागणारा चारा कमी आहे. जेथे चारा विकत घ्यावा लागतो वा दुरून पाला तोडून आणावा लागतो, तेथे हा फरक अधिक तीव्र होतो.

महाराष्ट्रातील शेळ्यांच्या जातींकडे या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल. उस्मानाबादी शेळी मराठवाड्यातील, म्हणजे आजच्या धाराशिव, लातूर व लगतच्या भागातील. ती बहुतांशी काळी, मध्यम आकाराची असून जुळी करडे देण्याविषयी प्रसिद्ध आहे. संगमनेरी शेळी मांस व दूध या दोन्हींसाठी पाळली जाते. कोकण कन्याळ ही सिंधुदुर्ग परिसरातील जात असून चेहऱ्यावरील पांढरे पट्टे ही तिची ओळख आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने या जातीवर काम केले आहे. फुलपाडा परिसरात वार्षिक पाऊस सुमारे दोन हजार मिलिमीटर वा त्याहून अधिक पडतो, आणि तो चार महिन्यांत एकवटलेला असतो. कोरड्या प्रदेशात घडलेली जात येथे जगणारच नाही असे नव्हे. तथापि तिच्या मूळ प्रदेशातील आकडे येथे जसेच्या तसे मिळतील असे मानणे चूक ठरते. जनुके आणि परिस्थिती यांच्यातील हा परस्परसंबंध पैदास-उद्दिष्ट ठरविताना दुर्लक्षिला जातो.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर शेळीचा इतिहास या संदर्भात लक्षणीय आहे. तेथील पैदासकारांनी १९५९ मध्ये संघटना स्थापन करून जातीची मानके निश्चित केली आणि त्यानुसार सातत्याने निवड केली. जलद वाढणारी मांसल जात म्हणून बोअर जगभर पोहोचली. १९९० च्या दशकात फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती महाराष्ट्रात आणली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बोअरचे यश हे आधी ठरविलेल्या आणि अनेक पिढ्या न बदललेल्या उद्दिष्टाचे फळ आहे. एक बोकड विकत आणल्याने तो सातत्याचा भाग विकत मिळत नाही. पुढील निवड आपल्या परिस्थितीत आपल्यालाच करावी लागते.

फलटणच्याच संस्थेने मेंढ्यांच्या बाबतीत वेगळा मार्ग अनुसरला. सुंदरबनातील गारोळ ही आकाराने लहान मेंढी जुळी व तिळी कोकरे देते, आणि या गुणामागे एक प्रमुख जनुक आहे. ते जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण विकसित करण्यात आला. येथे संपूर्ण गारोळ मेंढी स्वीकारली नाही. तिच्यातील एक उपयुक्त गुण घेऊन उर्वरित शरीर स्थानिक मेंढीचेच राखले. ‘काय बदलावयाचे’ याइतकेच ‘काय बदलू द्यावयाचे नाही’ हेही उद्दिष्टात समाविष्ट असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

उत्तम बोकड विकला जाण्याची समस्या

ग्रामीण कळपांत पैदास कोणी ठरवीत नसले, तरी निवड होतच असते. लवकर वाढलेला, अंगाने भरलेला बोकड ग्राहकाच्या नजरेत प्रथम भरतो आणि प्रथम विकला जातो. मागे उरलेला, वाढ खुंटलेला बोकड कळपात फिरत राहतो व तोच शेळ्या फळवितो. शास्त्रीय परिभाषेत ही उलट दिशेची निवड होय.

समजा, कळपातील सहा महिन्यांच्या बोकडांचे सरासरी वजन १४ किलो आहे. त्यांत एक १८ किलोचा व एक १२ किलोचा आहे. वजनाची अनुवंशक्षमता ०.२५ धरली आणि बोकडाचा पुढील पिढीतील वाटा निम्मा धरला, तर या दोन बोकडांच्या करडांमध्ये सरासरी ०.७५ किलोचा फरक अपेक्षित आहे. पाऊण किलो ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु ३० शेळ्यांच्या कळपात वर्षाला १.५ वेते, प्रतिवेत १.४ करडे आणि ८५ टक्के जगण्याचे प्रमाण धरल्यास सुमारे ५३ करडे विक्रीस येतात. त्यांच्या एकत्रित वजनात सुमारे ४० किलोचा फरक पडतो. याउलट १८ किलोचा बोकड राखून १२ किलोचा विकल्यास त्या दिवशी होणारा तोटा केवळ ६ किलोचा असतो.

मग पशुपालक तसे का करीत नाही? याचे उत्तर त्याच गणितात आहे. ज्याच्याकडे केवळ तीन शेळ्या आहेत, त्याला वर्षाला पाचच करडे मिळतात. उत्तम बोकड राखल्याने त्याच्या पदरी जास्तीचे सुमारे ४ किलो वजन पडते, तर तोटा ६ किलोचा होतो. शिवाय बोकडाच्या वर्षभराच्या चाऱ्याचा खर्च वेगळा. म्हणजे त्याने उत्तम बोकड विकणे हे त्याच्या परीने शहाणपणाचेच आहे. प्रशिक्षण शिबिरात ‘चांगला बोकड विकू नका’ असे कितीही सांगितले, तरी हे गणित बदलत नाही. ते बदलण्यासाठी प्रत्येकी तीन शेळ्या असलेल्या दहा कुटुंबांनी आपल्या शेळ्या पैदाशीपुरत्या एक कळप मानाव्या लागतात. बोकड सर्वांचा, त्याच्या मालकाला विक्रीतील घट सर्वांनी भरून द्यावयाची आणि चाराही वाटून घ्यावयाचा, अशी व्यवस्था झाली तरच व्यक्तीचे हित आणि कळपाचे हित एका दिशेस येते.

बाजारपेठेचे दोन प्रकार

मुंबई परिसरातील मागणी एकजिनसी नाही. वर्षभराच्या मटणबाजारात भाव प्रामुख्याने वजनावर ठरतो. बकरी ईदच्या बाजारात मात्र, ज्याचे मुंबईतील प्रमुख केंद्र देवनार हे आहे, जनावराचे वय, निर्दोष शरीर, शिंगे, रंग व देखणेपण यांनाही किंमत मिळते. कुर्बानीसाठी बोकड किमान एक वर्षाचा आणि व्यंगरहित असावा लागतो. त्यामुळे रंगाला आर्थिक मूल्य नाही, असे सरसकट म्हणता येत नाही.

तथापि ईद हा सण चांद्र कालगणनेनुसार दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२३ मध्ये तो जूनच्या अखेरीस होता. पुढील काही वर्षांत तो उन्हाळ्याच्या मध्याकडे सरकत जाईल. पाच महिन्यांचा गर्भकाळ आणि किमान बारा महिन्यांचे वय हिशेबात घेता, ज्या ईदसाठी बोकड तयार करावयाचा तिच्या किमान सतरा-अठरा महिने आधी शेळी फळलेली असावी लागते. ही नियोजनाची बाब आहे, अनुवंशाची नव्हे. म्हणून ईदच्या बाजारासाठी रंगावर पैदास करण्यापेक्षा, वर्षभराच्या बाजारासाठी वजनावर पैदास करून त्यातील देखणे बोकड खच्ची न करता ईदसाठी वेगळे वाढविणे अधिक सुरक्षित ठरते.

फुलपाडा परिसरासाठी उद्दिष्टांचा क्रम

उपर्युक्त विवेचनाच्या आधारे या परिसरातील कळपासाठी उद्दिष्टांचा पुढील क्रम सुचविता येईल.

१) पावसाळा सहन करण्याची क्षमता. सततच्या ओलाव्यामुळे जंतांचा प्रादुर्भाव व खुरांचे विकार वाढतात. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या ‘फामाचा’ पद्धतीत डोळ्याच्या आतील पापणीचा रंग पाहून रक्तक्षयाचा अंदाज घेतला जातो. ज्या शेळीस एकाच पावसाळ्यात पुनःपुन्हा जंतनाशक द्यावे लागते, तिची पाठ वा बोकड पैदाशीसाठी राखू नये. उंचावरील फटींचा मचाण-गोठा आणि पीपीआर व आंत्रविषार यांचे लसीकरण या बाबी मात्र व्यवस्थापनातूनच साधाव्यात.

२) शेळीमागे वार्षिक विक्रीयोग्य वजन. हे मुख्य उद्दिष्ट होय. यात वेतांमधील अंतर, करडांची संख्या आणि आईचे दूध या तिन्हींचा समावेश आपोआप होतो. जुळी करडे ही इष्ट मर्यादा मानावी. मर्यादित चाऱ्यावर तिळ्यांना पुरेसे दूध मिळत नाही व मरतूक वाढते.

३) सहा महिन्यांचे वजन. बोकडाची निवड याच गुणावर करावी. परंतु तुलना सारख्यांमध्ये व्हावी. एकटे जन्मलेले करडू सर्व दूध एकटेच पिते, म्हणून ते जुळ्यापेक्षा जड भरते. केवळ वजनकाटा पाहून सर्वांत जड बोकड राखला, तर नकळत जुळी न देणाऱ्या शेळ्यांचीच वंशवृद्धी होते. म्हणून जुळ्याची तुलना जुळ्याशी आणि एकाच हंगामात जन्मलेल्यांमध्ये करावी.

४) स्वभाव व शरीररचना. सरळ पाय, मजबूत खूर, दोन सुस्थितीतील सड आणि निर्दोष जबडा ही किमान अट असावी. यासाठी गुण देण्याची आवश्यकता नाही. दोष असलेले जनावर वगळणे पुरेसे आहे.

नोंदी व सगोत्र पैदास

मोजमापाशिवाय उद्दिष्ट कागदावरच राहते. सुदैवाने यासाठी लागणारी साधने अल्प आहेत : लटकता वजनकाटा, एक वही आणि कानातील बिल्ला. राष्ट्रीय नोंदणीतील बाराअंकी बिल्ला असल्यास ओळखीचा प्रश्न सुटतो. आईचा क्रमांक, विण्याची तारीख, करडांची संख्या, तीन व सहा महिन्यांचे वजन आणि मृत्यू वा विक्रीची तारीख एवढ्या पाच नोंदी पुरेशा आहेत. मृत्यूची नोंद वगळण्याकडे सर्वसाधारण कल असतो. परंतु तीच नोंद सर्वांत बोलकी असते.

एक बोकड व तीस शेळ्या अशा बंदिस्त कळपात सगोत्रतेचे प्रमाण प्रत्येक पिढीत सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. चार बोकड व १२० शेळ्या असल्यास ती वाढ सुमारे ३ टक्क्यांवर येते. बाप-लेकीच्या संकरातून जन्मलेल्या करडांत सगोत्रता २५ टक्के असते. परिणामी वाढ खुंटणे, अशक्त करडे व मरतूक असे दुष्परिणाम संभवतात. म्हणून बोकड दोन वर्षांनी बदलावा. तो विकण्यापेक्षा शेजारच्या पाड्यातील गटाशी अदलाबदल केल्यास चांगला अनुवंश परिसरातच राहतो आणि नवीन बोकडाचा खर्चही वाचतो. त्याचबरोबर पैदाशीसाठी न निवडलेल्या बोकडांचे चौथ्या महिन्यापूर्वी खच्चीकरण करणे वा त्यांना वेगळे ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा निवड केवळ नावापुरती उरते.

शासकीय योजना व लहान पशुपालक

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या व ५ बोकड या एककापासून पुढे उद्योजकांना भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली. वीस शेळ्यांमागे एक बोकड हे त्यातील प्रमाण पैदाशीच्या दृष्टीने योग्य आहे. परंतु चराईक्षेत्र आक्रसलेल्या नागरी सीमेवर शंभर शेळ्यांचे एकक उभारणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे. अशा ठिकाणी तीन-तीन शेळ्यांच्या घरांना पैदाशीपुरते जोडणारा कोणीतरी दुवा आवश्यक ठरतो. कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र, पशुवैद्यकीय दवाखाने व परिसरातील महाविद्यालये यांना येथे वाव आहे. प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र व ग्रामीण विकास या विषयांच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा वस्तीवर जाऊन वजने व मृत्यूच्या नोंदी घेतल्या, तर दोन वर्षांत त्या पाड्यातील कोणता बोकड खरोखर सरस, हे पुराव्यानिशी सांगता येईल. क्षेत्रकार्याचा याहून उपयुक्त विषय शोधूनही सापडणे कठीण आहे.

निष्कर्ष

पैदास-उद्दिष्ट हे जातीच्या नावात नसून मोजमापात असते. फुलपाड्यासारख्या अतिवृष्टीच्या, अल्प चराईच्या व बाजारपेठेस निकट असलेल्या परिसरात पावसाळा निभावणारी, मध्यम आकाराची, दोन वर्षांत तीन वेळा विऊन जुळी वाढविणारी शेळी हे वास्तव उद्दिष्ट होय. मोठ्या आकारमानाच्या बाह्य जातीचा अविचारी स्वीकार या उद्दिष्टास पूरक ठरतोच असे नाही. उत्तम बोकड कळपात टिकविणे ही सुधारणेची पहिली पायरी आहे. परंतु तीन शेळ्यांच्या मालकाकडून ती एकट्याने अपेक्षिणे अन्याय्य आहे, कारण त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच असतो. दहा घरांचा मिळून एक बोकड, एक वही आणि एक वजनकाटा एवढ्या सामग्रीवर हा हिशेब बदलता येतो.